तुझं ९.४ कुठे गेलं?

पत्र असं आहे:

"ताई, मी एसवायबीएस्सीला आहे, केमिस्ट्री. राहतो दिघ्याला, कॉलेज ठाण्यात. बारावीनंतर सीईटीला कमी पडले म्हणून बीएस्सी घेतलं, आवड वगैरे काही नव्हती. ऑरगॅनिकच्या मेकॅनिझम (रिॲक्शन कशी घडते त्या पायऱ्या) डोक्यात जातच नाहीत, पाठ करतो आणि पेपरला विसरतो, मागच्या सेमला एक केटी लागली. बाबा रबाळे एमआयडीसीत केमिकल प्लांटला ऑपरेटर आहेत, त्यांचं एकच, मी आयुष्यभर प्लांटवर उभा राहिलो, तू केमिस्ट हो, लॅबमध्ये बस. मित्र म्हणतात बीएस्सीला स्कोप नाही. मला हे सोडून डेटा ॲनालिटिक्सचा सहा महिन्यांचा कोर्स करायचाय, बाबा ऐकत नाहीत, घरात रोज भांडण. प्रॅक्टिकलचा तसा प्रॉब्लेम नाही, रीडिंग आम्ही सिनियरच्या जर्नलमधून घेतो, सगळेच घेतात. एफवायला एकदा एनएओएच (कॉस्टिक सोडा) स्टँडर्डाइझ करताना, म्हणजे त्याचं सोल्युशन नेमकं किती स्ट्राँग आहे ते काढताना, मी स्वतः केलं होतं तर माझं तिन्ही वेळा ९.४ मिली आलं आणि बाकी सगळ्यांचं १०.२, मॅडम म्हणाल्या बाकीच्यांचं बघून घे, मग तेच लिहिलं. असो. तर बाबांना कसं समजावू ते सांगा."

बाबांना कसं समजावायचं ते मी आज सांगणार नाहीये. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या 'असो'पाशी येऊन थांबले.

बघ ना, सीईटीला किती पडले ते तू लिहिलं नाहीस, केटी कुठल्या पेपरला लागली ते नाही, ज्या कोर्ससाठी घरात एवढी भांडणं चाललीयेत त्याची फी किती तेही नाही. आणि एफवायला एका दुपारी ब्युरेटवर, म्हणजे त्या तोटीवाल्या मापाच्या नळीवर, आलेला आकडा मात्र पॉइंटसकट लक्षात आहे. ज्याला केमिस्ट्रीची आवडच नाही त्याला एवढ्या दिवसांनी ९.४ कशाला आठवेल रे? तो आकडा तुला टोचतोय, कारण तो तुझा होता आणि तू तो खोडलास.

मी स्वतः बीएस्सी केमिस्ट्री आहे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाची क्वालिटी तपासतात तिथे, बावीस वर्षं काढलीयेत, त्यामुळे तुझं ते टायट्रेशन, एका सोल्युशनमध्ये दुसरं थेंबाथेंबाने सोडून मोजणं, मला इथे बसून दिसतंय. चल, आपण दोघं मिळून बघू तुझं काय चुकलं होतं, किंवा चुकलं होतं का.

०.१ नॉर्मल (नॉर्मल म्हणजे सोल्युशन किती स्ट्राँग त्याचं माप) ऑक्झॅलिक ॲसिड, पिपेटने दहा मिली, ॲसिड संपलं की गुलाबी होणाऱ्या फिनॉलफ्थॅलीनचे दोन थेंब, वरून ब्युरेटमधून एनएओएच. बाकीच्यांच्या १०.२ ने एनएओएच निघतं ०.०९८ नॉर्मल, तुझ्या ९.४ ने ०.१०६. आता मला सांग, एनएओएच स्टँडर्डाइझ का करायचं असतं? पेपरला तू लिहिलं असशील की ते प्रायमरी स्टँडर्ड नाही म्हणून, पण त्याचा अर्थ काय? अर्थ असा की त्या पांढऱ्या गोळ्या बाटलीचं झाकण उघडल्यापासून हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, वजन करता करता ओल्या होतात, त्यामुळे काट्यावर कितीही नीट वजन केलं तरी सोल्युशन नेमकं किती स्ट्राँग झालं ते टायट्रेट केल्याशिवाय कळतच नाही, आणि प्रत्येक वेळी नवीन बनवलं की वेगळंच येतं. मग सिनियरच्या जर्नलमधलं १०.२ तुमच्या बॅचला कसं लागू पडेल? ती बाटली तर केव्हाच संपली! तुमच्या टेबलावर लॅबवाल्या काकांनी त्या आठवड्यात बनवलेलं सोल्युशन होतं. म्हणजे चाळीस जणांनी संपलेल्या बाटलीचं रीडिंग लिहिलं आणि समोरच्या बाटलीचं लिहिणारा एकटा तू होतास.

बरं, समजा तुझंच चुकलं असेल. पिपेट पाण्याने धुऊन तशीच वापरलीस, ऑक्झॅलिकने खळबळून घेतली नाहीस, तर रीडिंग कमी येतं, बरोबर, पण ते पहिल्या फ्लास्कला, पुढच्या दोनला तेवढं पाणी राहत नाही आणि तुझं तिन्ही वेळा सारखं आलंय. ब्युरेटच्या नोझलमध्ये हवेचा बुडबुडा राहिला असता तर रीडिंग वाढलं असतं, कमी नसतं झालं. राहता राहिलं ऑक्झॅलिकचं वजन. शंभर मिलीला ०.६३ ग्रॅम लागतं, त्यातले पन्नास मिलिग्रॅम वॉचग्लासला चिकटून राहिले किंवा फनेलवर सांडले, तर बरोबर ९.४ येईल आणि तिन्ही वेळा येईल. म्हणजे एकतर बाटली वेगळी होती, नाहीतर तुझ्या वॉचग्लासवर चिमूटभर पावडर राहून गेली होती. वॉचग्लास वॉशबॉटलने फ्लास्कमध्ये धुऊन घेतला होतास का? हा एवढा एक प्रश्न तुला कुणीतरी त्या दुपारी विचारायला हवा होता. दहा मिनिटांचं काम होतं, आणि त्या दहा मिनिटांत तुला जे कळलं असतं त्याचंच नाव केमिस्ट्री आहे.

मॅडमचा मला राग आलाय, लपवत नाही. 'बाकीच्यांचं बघून घे' हे वाक्य लॅबमध्ये कुणी उच्चारूच नये. पण पत्र त्यांनी लिहिलेलं नाही, तू लिहिलंयस, आणि त्यानंतरच्या प्रत्येक प्रॅक्टिकलला सिनियरचं जर्नल उघडलं तेही तूच. सगळेच घेतात हे मला सांगू नकोस. सगळ्यांनी मला पत्र लिहिलेलं नाही.

मला वाटतं त्या दिवशी तुझं या विषयाशी बिनसलं. स्वतःच्या हातांनी तीनदा मोजलेलं खोटं आणि दुसऱ्याच्या वहीतलं खरं, हे एकदा मान्य केलं की पुढे सगळंच पाठ करायचं होतं, मग मेकॅनिझम पण पाठ, बाण कुठून कुठे जातो ते पण पाठ, आणि पाठ केलेलं पेपरला उडून जाणारच. यावर्षी पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन झालं असेल ना? गरम ऑक्झॅलिकमध्ये पहिला थेंब पडतो तेव्हा तो जांभळा रंग जाता जात नाही, आपल्याला वाटतं एंड पॉइंट आला, रिॲक्शन पूर्ण झाली की काय, मग हळूच जातो, आणि नंतरचे थेंब मात्र पडताक्षणी गायब व्हायला लागतात. कारण त्या पहिल्या थेंबातून जे मँगनीज तयार होतं तेच पुढच्या रिॲक्शनला कॅटॅलिस्ट म्हणून, वेग वाढवायला, कामाला येतं. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा हातातला फ्लास्क चांगलाच भाजत होता तरी खाली ठेववत नव्हता. तू बघितलंस का? जर्नलमधून उतरवलं असशील तर नाही बघितलंस. कॅटॅलिसिस पाठ करताना कंटाळा आला असेल, येणारच.

तुला एक गोष्ट सांगते. लॉर्ड रेले नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ नायट्रोजनची घनता मोजत होता. हवेतून काढलेला नायट्रोजन यायचा लिटरला १.२५७ ग्रॅम आणि अमोनियापासून बनवलेला १.२५१. फरक किती, तर सुरुवातीला हजारात एक भाग, आणि पुढे मोजायची पद्धत सुधारल्यावर अर्धा टक्का. तुझ्या आणि वर्गाच्या रीडिंगमधला फरक आठ टक्के होता, म्हणजे रेलेला रीडिंग जुळवून टाकणं तुझ्यापेक्षा कितीतरी सोपं होतं, सरासरी काढली असती तरी कुणी विचारलं नसतं. त्याने पुन्हा मोजलं, पुन्हा तेच आलं, मग १८९२ साली 'नेचर'मध्ये सरळ पत्र लिहून वाचकांनाच विचारलं की हे असं का येतंय कुणी सांगेल का. पुढे विल्यम रॅमसे त्याच्या जोडीला आला आणि त्या अर्ध्या टक्क्यातून आर्गॉन बाहेर निघाला. आपण श्वासात घेतो त्या हवेत शंभरात जवळजवळ एक भाग आर्गॉन आहे आणि तोपर्यंत तो कुणाला सापडला नव्हता. १९०४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं, रेलेला फिजिक्सचं आणि रॅमसेला केमिस्ट्रीचं. तुझ्या ९.४ मध्ये आर्गॉन नव्हता हे मलाही माहितीये, पण त्याने जे केलं ते तुलाही करता आलं असतं, पुन्हा मोजून विचारायचं, बस.

आणि नोकरीत काय होतं तेही ऐक. मी ट्रेनी होते तेव्हा एका पावडरचं मॉइश्चर काढत होते, कार्ल फिशर नावाच्या मशीनवर, लिमिट ०.५ टक्के आणि माझं आलं ०.८. सिनियर म्हणाले परत कर. परत ०.८. येईपर्यंत करत राहा म्हणाले. चौथ्या वेळी ०.४८ आलं, मी तेवढंच लिहिलं आणि बॅच पास होऊन बाहेर गेली. काही महिन्यांनी ड्रम परत आले, झाकण उघडलं तर आत पावडरचे दगड झाले होते. कुणी मला ओरडलं नाही. मी एकटीच त्या ड्रमसमोर उभी होते, आणि पहिलं ०.८ कुठल्या कागदावर लिहिलं आणि तो फाडला होता ते मला नीट आठवत होतं, अजून आठवतं.

आता तर एचपीएलसीच्या, म्हणजे औषधात काय किती आहे ते मोजणाऱ्या मशीनच्या, सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल असतो, रीडिंग पुसायला गेलास तर पुसल्याची पण नोंद होते. फार्माच्या क्यूसीत इंटरव्ह्यूला हमखास विचारतात, रिझल्ट आउट ऑफ स्पेसिफिकेशन, म्हणजे लिमिटच्या बाहेर, आला तर काय कराल. 'परत करीन' म्हटलं की संपलं. सोल्युशन टाकून द्यायचं नाही, आधी सुपरवायझरला सांगायचं, मग चूक कुठे झाली ते शोधायचं, हे उत्तर असतं. म्हणजे एफवायला तुझ्याकडून जे व्हायला हवं होतं नेमकं तेच.

आणि डेटा ॲनालिटिक्स? अरे, तुझ्या आयुष्यातला पहिला खरा डेटा तू स्वतः मोजला होतास, तीन रीडिंग, तिन्ही एकसारखी, आणि दुसऱ्याचं बघून तो बदललास. हीच सवय घेऊन तिकडे गेलास तर तिथेही बाकीच्यांचं बघूनच लिहिशील.

तुझे बाबा रिॲक्टरवर असतील तर शिफ्टमध्ये ठरलेल्या वेळी लॉगशीट भरत असतील, तापमान, प्रेशर. घरी आल्यावर एकदा विचार त्यांना, रिॲक्शन तापत चाललीये आणि कुणी मागच्या आठवड्याच्या शीटवरून तापमान उतरवून टाकलं तर काय होईल. ते काय सांगतात ते नीट ऐक. मी त्यांची बाजू घेत नाहीये, लॅब की कोर्स हा वाद तुमचा तुम्ही मिटवा. पण खरं रीडिंग लिहिणारा माणूस तुमच्या घरात रोज तुझ्या शेजारी जेवायला बसतो, तेवढं लक्षात घे.

मी एकच काम सांगणार आहे. येत्या आठवड्यात लॅबवाल्या काकांना गाठ, प्रॅक्टिकल नसलेल्या वेळी एक तास मागून घे, रीतसर परवानगी लागत असेल तर एचओडींना विचार, खरं कारण सांग, लाजू नकोस. ऑक्झॅलिक स्वतः वजन कर, वॉचग्लास धुऊन घे, पिपेट ऑक्झॅलिकने आणि ब्युरेट एनएओएचने खळबळून घे, नोझलमधला बुडबुडा काढ, आणि रीडिंग घ्यायच्या आधी ब्युरेटवरचं फनेल काढून ठेव, त्यातून थेंब पडत राहतो. फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेव. शेवटी एकेक थेंब. अगदी फिक्कट गुलाबी आणि अर्धा मिनिट टिकला की थांब, राणी कलर आला म्हणजे पुढे गेलास. नंतर ठेवल्या ठेवल्या रंग उडाला तर घाबरू नकोस, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने उडतो. तीन फ्लास्क कर आणि जे येईल ते तिथल्या तिथे लिही, पेनने, पेन्सिलने नाही.

तोपर्यंत कोर्सची फी भरायची नाही, आणि बाबांशी या विषयावर एक शब्द नाही.

मग मला आकडा कळव. बाटली नवीन असेल, ९.४ येणार नाही. जो येईल तो कळव.