फॉरमॅट मारला आणि आवाज गेला, वायफाय गेलं: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं "फॉरमॅट मारल्यापासून" अशीच सुरू होतात, त्यामुळे आज फक्त तेवढाच विषय घेतोय. प्रिंटरवाल्यांनी थोडं थांबा.

प्रश्न: सर नमस्कार, लॅपटॉप फार स्लो झालेला म्हणून इथेच एका दुकानात दिला, त्याने फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकून दिली. घरी आणून बघतो तर वायफायचं चिन्हच नाही, स्पीकरवर फुली आणि स्क्रीनवर सगळं मोठ्ठं मोठ्ठं आणि पसरट दिसतंय. परत नेला तर म्हणतो मदरबोर्ड गेलाय, साडेचार हजार होतील. देऊ का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर: अजिबात देऊ नका, निदान आज तरी नको. लॅपटॉप सुरू होतोय, विंडोज उघडतेय, आणि आवाज, वायफाय, डिस्प्ले तिन्ही एकाच दिवशी नेमकं फॉरमॅटनंतर गेलं म्हणता, तर पहिला संशय ड्रायव्हरवरच घ्यायचा, म्हणजे विंडोजला त्या त्या भागाशी बोलायला लागणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरवर. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नसला की विंडोज स्वतःच्या साध्या कामचलाऊ ड्रायव्हरवर स्क्रीन चालवते, म्हणून ते पसरट दिसतंय. स्क्रीनला काही झालेलं नाही.

स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करा आणि डिव्हाइस मॅनेजर उघडा. डिस्प्ले अडॅप्टरखाली "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर" लिहिलेलं असेल आणि खाली "अदर डिव्हाइसेस"मध्ये नेटवर्क कंट्रोलर वगैरे पिवळ्या खुणेसकट बसलेले असतील तर काळजी मिटली, कारण पिवळी खूण आहे म्हणजे ती चिप स्वतःची ओळख तरी सांगतेय, विंडोजकडे तिच्याशी बोलायला ड्रायव्हर नाही एवढंच. कुठली चिप ते बघायचं तर त्या नावावर डबल क्लिक, डिटेल्स, मग प्रॉपर्टीच्या यादीत हार्डवेअर आयडीज. तिथे व्हीईएनच्या पुढे चार अक्षरं असतात ती कंपनीची: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी. त्यापुढचा डीईव्हीचा आकडा मॉडेलचा.

आता वायफायच नाही तर ड्रायव्हर उतरवायचा कशावरून, हा पेच सगळ्यांचाच होतो. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला लावा (नुसती चार्जिंगवाली केबल नको, डेटावाली हवी) आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेथरिंग चालू करा, बहुतेक वेळा लगेच इंटरनेट येतं. मग सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स, तिथे ड्रायव्हरची यादी दिसली तर सगळ्यावर टिक करून टाका. राहिलेले लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, मागच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर टाकून घ्या. आधी चिपसेट, मग ग्राफिक्स, मग आवाज आणि वायफाय, आणि मध्ये रिस्टार्टचा कंटाळा करू नका. "एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर" म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअरं मात्र टाकू नका, ड्रायव्हर एक आणि सोबत दहा जाहिराती अशी त्यांची तऱ्हा.

एवढं करून आवाज येईनाच, तर स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आउटपुट कुठे निवडलंय बघा, एचडीएमआयने टीव्ही जोडलेला असला तर कधीकधी आवाज तिकडे जातो आणि आपण इथे व्हॉल्यूम वाढवत बसतो.

आणि दुकानदाराचं खरं-खोटं करायचंच असेल तर उबंटू (विंडोजच्या जागी चालणारी, लिनक्स जातीची फुकट सिस्टिम) पेनड्राइव्हवर घ्या, त्यावरून लॅपटॉप चालू करा आणि इन्स्टॉल न करता "ट्राय" निवडा. हार्ड डिस्कला हात लागत नाही. तिथे वायफायची नावं दिसली, गाणं वाजलं, तर हार्डवेअर ठणठणीत आहे. तिथेही नाही चाललं तर मात्र लगेच मदरबोर्डवर जाऊ नका, वायफायचं कार्ड वेगळं असतं, उघडझाक करताना त्याची वायर निघालेली असू शकते, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारं मदरबोर्डचं स्वतःचं सेटिंग) ते बंद केलेलं असू शकतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचं नावच नसेल, पिवळी खूणसुद्धा नसेल, तेव्हा हार्डवेअरवर संशय घ्यायचा.

प्रश्न: माझा असेंबल केलेला पीसी २०१४ चा आहे. भाच्याने विंडोज परत टाकून दिली तेव्हापासून रोज सकाळी तारीख मागे गेलेली असते आणि बँकेची साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणते. परत फॉरमॅट करावा का?
– एक ज्येष्ठ वाचक, विलेपार्ले

उत्तर: काका, भाच्याला बोल लावू नका, त्याचा काही संबंध नाही. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा, तो संपलाय. रात्री तुम्ही भिंतीवरचं बटण बंद करत असणार, वीज गेली की घड्याळ त्या सेलवरच चालतं. तारीख चुकली की साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे तिचं मुदत असलेलं ओळखपत्र, ब्राउजरला जुळत नाही, म्हणून तो इशारा. सेल शंभराच्या आत मिळतो, कुठल्याही घड्याळवाल्याकडे असतो, लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जायचीसुद्धा गरज नाही.

पण सेल काढण्याआधी एक करा, बायोसमध्ये जाऊन सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. सेल काढला की सेटिंग मूळ जागी जातात, आणि साटा मोड (हार्ड डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून आयडीईवर किंवा उलटा गेला तर चालू विंडोजसुद्धा निळी स्क्रीन दाखवून बंद पडते. मग सगळे म्हणतात हार्ड डिस्क गेली, आणि गेलेलं असतं फक्त एक सेटिंग.

याच पत्रासारखंच अंधेरीहून आलंय, तिथे घड्याळ बरोब्बर साडेपाच तास चुकतं. तो सेल नाही, टाइम झोन बघा, आणि सोबत लिनक्स टाकलेलं असेल तर ते मदरबोर्डचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज स्थानिक वेळेवर, म्हणून दोघांची रोज खेचाखेची.

प्रश्न: माझं टायपिंग आणि डीटीपीचं काम आहे. विंडोज नवीन टाकल्यावर जुन्या लग्नपत्रिकांच्या फाइल उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतोय. फाइल करप्ट झाल्या का?
– एक भगिनी, गिरगाव

उत्तर: नाही ताई, फाइल शाबूत आहेत. तुमचे जुने फॉन्ट युनिकोड (प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा आकडा देणारी पद्धत) नव्हेत, श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जातीचे असणार. त्यात कॉम्प्युटरच्या लेखी अक्षर इंग्रजीच असतं, फॉन्ट त्याच्यावर मराठीचं चित्र चढवतो. फॉरमॅटमध्ये फॉन्ट उडाला, चित्र गेलं, खालचं इंग्रजी उघडं पडलं. तोच फॉन्ट, त्याच नावाचा, परत टाका की पत्रिका होती तशी दिसेल. ड्राइव्ह पुसून विंडोज टाकली असेल तर गेलं, पण न पुसता टाकली असेल तर सी ड्राइव्हमध्ये विंडोज डॉट ओल्ड नावाचा फोल्डर बघा, त्याच्या आत विंडोज, मग फॉन्ट्स. तो फोल्डर विंडोज काही दिवसांनी स्वतःच साफ करते, त्यामुळे हे आजच करा. सॉफ्टवेअरला डोंगल (यूएसबीत लावायची लायसन्सची किल्ली) असेल तर त्याचाही ड्रायव्हर लागेल.

नवीन कामाला मात्र युनिकोडच वापरा. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, तिथे मराठी जोडा, इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची ठरलेली कीबोर्ड मांडणी) येत नसेल तर मराठी फोनेटिक कीबोर्ड निवडा, आणि विंडोज की आणि स्पेसबार दाबून इंग्रजी-मराठी करत राहा.

प्रश्न: दादा, पेनड्राइव्हवरून विंडोज ११ टाकतोय पण कुठे टाकायची विचारतो त्या पानावर ड्राइव्हच दिसत नाही. एसएसडी उडाली का? लॅपटॉप इंटेल ११व्या पिढीचा.
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कुर्ला

उत्तर: बायोसमध्ये जाऊन बघ, तिथे एसएसडीचं नाव दिसतंय ना? मग उडाली नाही. ११व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये इंटेलचं व्हीएमडी (एसएसडी सांभाळणारी सोय) चालू असतं आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घे, एक्सट्रॅक्ट करून त्याच पेनड्राइव्हवर ठेव आणि त्या पानावर "लोड ड्रायव्हर" दाब. व्हीएमडी बंद करूनही काम होतं, पण जुनी विंडोज अजून आत असेल आणि तुला ती हवी असेल तर बंद करू नकोस, ती मग बूट होणार नाही. आणि बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघ. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की तुझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सापडेल, ती वहीत लिहून ठेव, लॅपटॉपमध्येच सेव्ह करू नकोस.