बोन ते माकों सायकलने जाताय? ‘दुपारपर्यंत’चा अर्थ आधी विचारून घ्या

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपच उडाली. नवरा-बायको दोघं, सप्टेंबर, बोनला सायकली भाड्याने घेणार, फ्रान्समधल्या बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांमधून पाच दिवसांत क्लूनीमार्गे माकोंला पोचणार, आणि ‘सोमवारी दुपारपर्यंत सायकली परत देऊन पॅरिसची गाडी’. अगदी हीच ओळ 2022 साली माझ्या वहीत होती. मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघी नाशिकच्या, दोघी पन्नाशीच्या पुढच्या. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

तुम्ही विचारलंय की रस्ते खरंच शांत आहेत का. आहेत. बोनमधून बाहेर पडलात की द्राक्षमळ्यांतून जाणारी सायकलवाट लागते, ती पोमार, व्होलने, मर्सो, पुलिनी-मोंराशे करत सांतनेपर्यंत नेते, साधारण 22 किलोमीटर. सपाट नाही, गावागणिक छोटे चढ आहेत. आपण द्राक्षांच्या मांडवाखालून वाकून चालणारी माणसं. तिथे वेल कमरेपर्यंतच, आणि ओळी इतक्या जवळ की ट्रॅक्टर ओळींमधून जातच नाही, उंच पाय पसरून ओळीच्या डोक्यावरून जातो. जाऊबाई पहिल्या दिवशी ठिबकची नळी शोधत होत्या. नळी नव्हतीच, तिथे सगळी बाग पावसावर. पुढे सांतने ते शान्यी कालव्याकाठाने जा. मग जिव्री ते क्लूनी हा 44 किलोमीटरचा जुना रेल्वेमार्ग, डांबर टाकून 1997 साली सायकलींसाठी उघडलेला, फ्रान्समधला अशा प्रकारचा पहिला. आगगाडीचा मार्ग असल्यामुळे चढ जाणवतसुद्धा नाही. हेल्मेट, पंक्चर किट, पाऊसकोट याबद्दल काही लिहीत नाही, तुम्ही पुणे-गोवा केलेली माणसं आहात.

आता खरा मुद्दा. त्या भागातली शांतता दुपारी बाराला सर्वांत गडद होते, कारण तेव्हा सगळंच बंद होतं. बेकरी, किराणा, पोस्ट, सायकलचं दुकान. आम्ही मर्सोत सव्वाबाराला पोचलो तर चौकात एक मांजर होतं. तेव्हा आम्हाला ते फार आवडलं, फोटो काढले. हीच वेळ आपल्याला पुढे महागात पडणार आहे, हे लक्षात यायला हवं होतं, नाही आलं.

भाड्याच्या सायकलींचा करार फ्रेंचमध्ये होता. मी तो फोनवर मराठीत करून वाचला. परत देण्याच्या ओळीचं भाषांतर आलं ‘सोमवारी दुपारपर्यंत’. मूळ शब्द होता ‘मिदी’. आपली दुपार तीन-चारपर्यंत सहज चालते. कुणी ‘दुपारी या’ म्हटलं तर आपण जेवून, थोडं पडून निघतो. मिदी म्हणजे मात्र घड्याळातले बारा, त्यापुढे एक मिनिट नाही. माझी चूक ती हीच. मूळ शब्द मी एकदाही पाहिला नाही.

सोमवारी सकाळी क्लूनीहून निघालो. वाटेत बुआ-क्लेरचा बोगदा लागतो, 1600 मीटर लांब. तो फार सुंदर आहे, घाई करू नका. आत दिवे आहेत, पण गारठा एवढा की तोंडातून वाफ येते, आणि पलीकडे निघालं की उन्हात बेर्झेचा किल्ला समोर. आम्ही तिथे बसून राहिलेला पाव आणि चीज खाल्लं. दुपारपर्यंत भरपूर वेळ आहे, असं मीच म्हणाले.

माकोंच्या ज्या दुकानात सायकली परत द्यायच्या होत्या त्याच्यासमोर उतरले तेव्हा बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. शटर अर्धं खाली. काचेवर पुठ्ठ्याचं घड्याळ लटकवलेलं, काटे हाताने नऊवर लावलेले, खाली मंगळवार लिहिलेलं. सोमवारी फक्त सकाळपाळी. आत मागच्या बाजूला दिवा होता. मी काच वाजवली. एक गृहस्थ आले, काचेपलीकडून त्या पुठ्ठ्याच्या घड्याळावर बोट ठेवलं आणि आत गेले. फोन लावला तर तो आतच वाजत होता, बाहेर ऐकू येत होता. कुणी उचलला नाही.

दोन सायकली रस्त्यावर टाकून जाता येत नाही. पॅरिसची गाडी गेली, तिकिटं बदलून मिळणारी नव्हती. माकोंत एक रात्र, नवी तिकिटं, पॅरिसच्या हॉटेलची वाया गेलेली रात्र. मंगळवारी नऊला गेलो तर दोन्ही सायकलींचं एका दिवसाचं भाडं, वर ‘उशिरा परत’ म्हणून अनामतीतून वेगळी कपात. सायकलींना ओरखडासुद्धा नव्हता. नाशिकला आल्यावर तीन ईमेल केले, तिन्हींना उत्तर एकच, कराराचं कलम चिकटवलेलं. बँकेकडेही तक्रार केली, सही तुमची आहे म्हणाले. पैसे आले नाहीत. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, नियमाने ते बरोबरच होते. पण ज्याच्याकडे माझा फोन नंबर होता त्याला साडेअकराला एक मेसेज टाकता आला असता, हे मला आजही खुपतं. सायकलींचं दुकान चालवणाऱ्याला एवढं कळू नये की सायकलवरून येणारा माणूस उशिरा पोचू शकतो? असो.

तेव्हा माझं मत, आणि हे फक्त माझं मत, दोन सहलींच्या अनुभवावरचं: सोमवारी सायकल परत द्यायची नाही. त्या भागात रविवार दुपार आणि सोमवार हे मेलेले दिवस धरा. परत द्यायचा दिवस शुक्रवार किंवा शनिवार सकाळ ठेवा, आणि गाडी त्या दिवशीची घेऊच नका. त्याहून बरं म्हणजे एकाच गावी मुक्काम आणि तिथून रोज वेगळा फेरा. दुसऱ्या खेपेला आम्ही तसंच केलं, बोनलाच सायकल घेतली, बोनलाच दिली. माणसं म्हणतील यात प्रवासाची मजा जाते. मला नाही वाटत, पण तुमचं तुम्ही ठरवा.

अनामतीवरून आठवलं. फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधी परकी चलन भरून नेतो त्या प्रीपेड कार्डावर, भरवसा ठेवू नका. भाड्याच्या सायकलीसाठी कार्डावर रक्कम अडकवून ठेवतात आणि त्यासाठी बऱ्याच ठिकाणी प्रीपेड कार्ड चालत नाही, क्रेडिट कार्डच लागतं. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळे आपली नवी कार्डं परदेशासाठी बंदच येतात, निघण्याआधी ॲपमध्ये जाऊन ती चालू करा आणि मर्यादाही वाढवा. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, तेव्हा रोमिंग तेवढ्यासाठी तरी घ्या.

रस्त्यांबद्दल एक. तुम्ही लिहिलंय की ‘डी’ आणि तीन आकडे असलेला रस्ता म्हणजे लहान रस्ता. तसं नाही. 2006 मध्ये सरकारने बरेच राष्ट्रीय महामार्ग जिल्ह्यांकडे दिले आणि त्यातल्या कित्येकांना नऊशेच्या घरातले आकडे मिळाले. बोनजवळचा डी 974 म्हणजे जुना एन 74, माकोंकडचा डी 906 म्हणजे जुना एन 6. ट्रक आहेत, वेग आहे. फोनवरचं ॲप जवळचा म्हणून तिथेच ढकलतं. कागदी मिशलां नकाशा घ्या आणि त्यावरचे पांढरे रस्ते धरा. पिवळा नाइलाजाने, लाल अजिबात नाही.

पाणी संपलं तर गावाच्या कब्रस्तानात जा. विचित्र वाटेल, पण फुलांसाठी तिथे नळ असतो. ‘पिण्याचं नाही’ अशी पाटी नाही ना, एवढं बघा. पाव सकाळीच घेऊन ठेवा. काही गावांत पावाचं यंत्र दिसतं, नाणी जवळ असू द्या. आणि बुक्सी हे गाव विचारताना ‘बुसी’ म्हणा, तिथे एक्सचा उच्चार स होतो. आम्ही बुक्सी बुक्सी करत राहिलो, कुणाला कळेना.

वाइनचं एवढंच की रक्तातल्या दारूची लिटरमागे 0.5 ग्रॅमची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे. चाखायचं ते मुक्कामी पोचल्यावर.

माकोंला दोन स्टेशनं आहेत, एक गावात आणि एक बाहेर लोशेला. पॅरिसची टीजीव्ही, म्हणजे अतिवेगवान गाडी, साधारणपणे लोशेहून असते. तिकिटावर कुठलं आहे ते आजच बघा. बुआ-क्लेरचा बोगदा हिवाळ्यात वटवाघळांसाठी बंद ठेवतात, सप्टेंबरात तुम्हाला उघडा मिळायला हवा, तरी निघायच्या आदल्या दिवशी क्लूनीत विचारा. बंद असला तर वरून खिंडीतला चढ आहे आणि त्याला वेळ लागतो.

कराराची परत देण्याची ओळ मूळ फ्रेंचमध्ये इथे टाका, नाव आणि कार्डाचा नंबर झाकून. मी आज रात्री वाचून सांगते.