राक्षसाचा फासा घडवताना

प्रश्न : आम्ही मित्र रविवारी एकत्र बसून फाशांवर चालणारा एक साहसी खेळ खेळतो. त्यासाठी एपॉक्सी पुटीतून सहा बाजूंचा, राक्षसाच्या रूपाचा फासा हाताने घडवत आहोत. परंतु शिंगे आणि सुळे काढले की फासा नीट पडत नाही, आणि इथल्या उन्हाळ्यात काम पुरे होण्याआधीच पुटी कडक होते. फासा खरा, म्हणजे कोणत्याही एका बाजूकडे न झुकणारा, आहे की नाही हे मिठाच्या पाण्यात तरंगवून पाहतात असे कळले. आमचा फासा मात्र सरळ तळाशी जातो. काय करावे?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : शिंगांच्या अडचणीचे मूळ कामाच्या क्रमात आहे. आधी निर्दोष घन तयार व्हावा आणि राक्षस त्या घनाच्या आत घडवला जावा. फासा एका सपाट बाजूवर थांबतो. त्या बाजूवर सुळा, नाक किंवा शिंग पुढे आलेले असेल तर तो त्या टोकावर कलून शेजारच्या बाजूवर पडतो. परिणामी शिंग ज्या बाजूवर आहे, तिच्या नेमक्या समोरच्या बाजूचे दान क्वचितच पडते. म्हणून प्रत्येक बाजूला कडेने सुमारे दीड मिलिमीटर रुंदीची सपाट चौकट राखावी आणि चेहऱ्याचा सर्वांत उंच भागही त्या चौकटीच्या किंचित खाली ठेवावा. शिंगे बाहेर न काढता कपाळावरून मागे वळवून चौकटीला भिडवली, तर ती उठून दिसतात आणि फाशाच्या वाटेतही येत नाहीत.

घनाचा गाभाही पुटीचाच करावा. लाकडाच्या तुकड्याची घनता सगळीकडे सारखी असेलच असे नाही. पुटी दुमडून, दाबून, आत हवा अडकू न देता १६ मिलिमीटरचा घन करावा, तो एक दिवस पूर्ण कडक होऊ द्यावा, आणि मग कानशीने व पॉलिश पेपरने घासून, गुण्या लावून काटकोन तपासत त्याच्या सहाही बाजू सारख्या कराव्यात. हे काम कंटाळवाणे वाटते, पण फाशाचा खरेपणा इथेच ठरतो. त्यानंतर बाजू थोड्या खरबरीत करून प्रत्येकीवर दोन मिलिमीटरचा थर चढवावा, म्हणजे २० मिलिमीटरचा फासा होतो. एका वेळी समोरासमोरच्या दोनच बाजू घ्याव्यात. थर ताजा असताना केवळ डोळ्यांच्या खोबणी आणि जबड्याचा उठाव दाबून घ्यावा; खवले, सुरकुत्या, दातांच्या कडा अशी बारीक कामे पुटीचा चिकटपणा गेल्यावर, ओल्या सुईने किंवा दातकोरण्याने करावीत. घाई केली की रेषा मिटतात आणि हत्याराला पुटी ओढली जाते.

ठिपक्यांऐवजी डोळे द्यावेत, ही आमची आग्रहाची सूचना : एक डोळ्याच्या राक्षसापासून सहा डोळ्यांच्या राक्षसापर्यंत सहा चेहरे. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात यायला हवी, तेव्हा एक डोळ्याच्या पाठीमागे सहा डोळे असतील. मात्र सहा खोबणी आणि एक खोबण यांतून सारखीच पुटी निघाली पाहिजे, अन्यथा सहाची बाजू हलकी होऊन वर येण्याकडे झुकते. यासाठी एक डोळ्याच्या राक्षसाला मोठा, उघडा जबडा द्यावा.

आता उन्हाळ्याविषयी. पुटी वाळत नाही. रेझिन आणि हार्डनर हे तिचे दोन भाग एकत्र मळले की त्यांच्या रासायनिक अभिक्रियेने ती कडक होते. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्यांना ठाऊक असते की माती वाळताना आक्रसते आणि तडकते. पुटीतून पाणी जायचे नसल्याने ती जवळजवळ आक्रसत नाही, आणि बाजू समांतर राहण्यासाठी हा गुण फार मोलाचा आहे. परंतु या अभिक्रियेला उष्णतेने वेग येतो; ढोबळ मानाने तापमान १० अंशांनी वाढले की वेग दुप्पट होतो. म्हणजे २५ अंशांना जी पुटी दीड तास हाताळता येते, ती जळगाव-भुसावळकडच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारी वीस-पंचवीस मिनिटांतच हाताबाहेर जाते. त्यामुळे काम पहाटे करावे आणि एका वेळी बोराएवढीच पुटी मळावी. नळाची गळती थांबवणाऱ्या, लवकर कडक होणाऱ्या पुटीपेक्षा शिल्पकामासाठीची सावकाश होणारी पुटी घ्यावी. वेळ वाढावा म्हणून हार्डनर कमी घालणे मात्र कटाक्षाने टाळावे. तशी पुटी आतून मऊ राहते आणि फाशाचे कोपरे दबतात.

मिठाच्या पाण्याची चाचणी पारदर्शक रेझिनच्या किंवा हलक्या प्लॅस्टिकच्या फाशांसाठी आहे. मीठ विरघळेनासे होईपर्यंत घातले तरी त्या पाण्याची घनता साध्या पाण्याच्या सुमारे १.२ पटच होते, आणि खनिज भुकटी मिसळलेली पुटी त्याहून जड असते. त्यामुळे फासा तळाशी गेला यात त्याचा दोष नाही. त्याऐवजी तो ३०० वेळा टाकून प्रत्येक दान किती वेळा पडले ते लिहावे. प्रत्येकाची अपेक्षा ५० आहे. अपेक्षेपासूनच्या सहा फरकांचे वर्ग करून त्यांची बेरीज ५० ने भागावी. समजा दाने ५८, ४७, ४१, ५२, ४४ आणि ५८ वेळा पडली, तर वर्गांची बेरीज २५८ आणि उत्तर ५.१६ येते. खऱ्या फाशाच्या बाबतीत हे उत्तर ११.०७ च्या वर जाण्याची शक्यता शंभरात केवळ पाच असते, तेव्हा ५.१६ निर्धास्त समजावे, आणि ११.०७ ओलांडल्यास घन पुन्हा मोजावा.

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या मुलीला असा फासा करायचा आहे. पुटी सुरक्षित आहे का?
– एक पालक, शहादा

उत्तर : पूर्ण कडक झालेला फासा हाताळण्यास हरकत नाही, जपायचे ते कच्च्या पुटीला. तिच्या वारंवार स्पर्शाने त्वचेला कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते, म्हणून मळताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत आणि स्वयंपाकघरातले पोळपाट-लाटणे या कामाला घेऊ नये. घासताना पॉलिश पेपर व फासा दोन्ही ओले ठेवावेत, म्हणजे भुकटी उडून श्वासात जात नाही. पाते आणि कानस वापरताना आपण शेजारी बसावे. चेहरे दाबून घडवण्याचे काम मुलीला खुशाल एकटीला करू द्यावे.