इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळायची तर कुठला कोर्स लागतो आणि रजिस्ट्रेशन कसं करायचं?

तुमचा प्रश्न असा की नवऱ्याच्या वर्क व्हिसावर डिपेंडंट म्हणून इंग्लंडला आलात, मुलगी दोन वर्षांची आहे, पुण्यात प्लेग्रुपला शिकवायचात, आता घरीच चार मुलं सांभाळावीत असं डोक्यात आहे, तर कोर्स कुठला, रजिस्ट्रेशन कसं, आणि सासूबाई सहा महिने येतात त्यांची मदत घेतली तर चालेल का. मी मिल्टन कीन्सला राहते आणि हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे डिग्री लागत नाही. डिप्लोमाही लागत नाही. ते लेव्हल थ्रीचं क्वालिफिकेशन वगैरे जे तुम्ही ऐकलंय ते नर्सरीत नोकरी करणाऱ्यांसाठी असतं, चाइल्डमाइंडरला, म्हणजे आपल्या घरी दुसऱ्यांची मुलं पैसे घेऊन सांभाळणारीला, त्याची सक्ती नाही. इंटरनेटवर "चाइल्डमाइंडर व्हायला हा कोर्स मस्ट" म्हणून दोनशे-तीनशे पौंडांची पॅकेजेस विकतात ना, ती घेण्याआधी हा परिच्छेद परत एकदा वाचा. पूर्वी ईवायएफएसचं, म्हणजे पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सरकारने जे फ्रेमवर्क ठरवलंय त्याचं, ट्रेनिंग घेतल्याचं दाखवावं लागायचं. जानेवारी २०२४ पासून चाइल्डमाइंडरसाठी वेगळं फ्रेमवर्क आलं आणि त्यात कोर्सची अट काढली, आता फक्त तुम्हाला ते नीट माहीत असलं पाहिजे आणि रजिस्ट्रेशनच्या व्हिजिटला बोलून दाखवता आलं पाहिजे. डॉक्युमेंट सरकारी वेबसाइटवर फुकट आहे. वाचायला कंटाळवाणं आहे खरं, पण तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला जड जाणार नाही.

खरोखर करावाच लागणारा कोर्स म्हणजे पीडियाट्रिक फर्स्ट एड, आणि तोही पूर्ण, किमान १२ तासांचा. सहा तासांचा इमर्जन्सीवाला स्वस्त असतो, तो चालत नाही. शंभर टक्के ऑनलाइनवाल्यांच्या नादी लागू नका, बाहुलीवर सीपीआर हाताने करून बघितल्याशिवाय ते कळत नाही. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, मग परत करायचा. दुसरं सेफगार्डिंग ट्रेनिंग, म्हणजे मुलाच्या बाबतीत काहीतरी गडबड आहे अशी शंका आली तर काय बघायचं, कुणाला कळवायचं. हे बऱ्याच काउन्सिल, म्हणजे इथल्या नगरपालिका, स्वस्तात किंवा फुकट देतात, आधी तिथे विचारा, आणि सप्टेंबर २०२५ पासून ते दर दोन वर्षांनी रिन्यू करायचा नियम आहे.

पण कोर्सला पैसे भरायच्या आधी एक हिशोब करा, कारण बऱ्याच जणी इथेच अडकतात. एका चाइल्डमाइंडरला एका वेळी आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं ठेवता येतात, त्यात पाच वर्षांखालची तीनच, आणि त्या तिनात एक वर्षाखालचं बाळ एकच. पाच वर्षांखालची म्हणजे काटेकोरपणे बोलायचं तर पाचव्या वाढदिवसानंतरचा १ सप्टेंबर येईपर्यंत. आणि यात तुमची स्वतःची मुलगी धरली जाते. म्हणजे तुमच्याकडे लहान मुलांच्या जागा दोनच उरल्या, चार नाही. बाकीच्या जागा शाळेत जाणाऱ्या मुलांनी भराव्या लागतात, सकाळी शाळेत सोडायचं, दुपारी आणायचं, आईवडील येईपर्यंत ठेवायचं. रिसेप्शनमधली, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गातली, चार-पाच वर्षांची मुलं फक्त शाळेच्या आधी-नंतर किंवा सुट्टीत येत असतील तर त्या तिनाच्या वर घेता येतात, एकूण सहाची मर्यादा पाळून. सख्खी भावंडं वगैरे असतील तर थोडी सवलत असते, पण त्या भरवशावर धंद्याचं गणित मांडू नका.

जागेचंही माप आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला ३.५ चौरस मीटर, दोन वर्षांच्याला २.५, तीन ते पाचला २.३. वन बेडरूम फ्लॅटमध्ये अशक्य नाही पण मोजून घ्या. भाड्याचं घर असेल तर घरमालकाची परवानगी लेखी घ्या, स्वतःचं असेल तर मॉर्गेजवाल्यांना विचारा. खूप घरमालक नाही म्हणतात, आणि तोपर्यंत फर्स्ट एडचे पैसे भरून झालेले असतात.

आता रजिस्ट्रेशन. दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त वेळ, पैसे किंवा कुठलाही मोबदला घेऊन, आपल्या घरी आठ वर्षांखालचं एक जरी मूल सांभाळलं तरी रजिस्ट्रेशन लागतं. "ओळखीतल्यांचीच आहेत, कॅशमध्ये देतात" हे आपल्या ग्रुपमध्ये सर्रास चालतं मला माहितीये, पण ऑफस्टेडला, म्हणजे जिच्याकडे हे रजिस्ट्रेशन करायचं त्या सरकारी तपासणी संस्थेला, कळलं तर आधी नोटीस येते आणि तरी चालू ठेवलं तर गुन्हा होतो, आणि व्हिसावर असताना असलं लचांड कशाला मागे लावून घ्यायचं. नातेवाइकांना सूट आहे, आजी-आजोबा, मामा-मावशी-काका-आत्या यांना रजिस्ट्रेशन लागत नाही. मैत्रिणींनी पैसे न घेता आलटून पालटून एकमेकींची मुलं सांभाळली तरी लागत नाही, आणि ही सूट कशी स्पष्ट झाली तर २००९ मध्ये आमच्याच बकिंगहॅमशरमधल्या दोन पोलीसवाल्या मैत्रिणी पाळीपाळीने एकमेकींच्या मुली सांभाळत होत्या आणि ऑफस्टेडने त्यांना अडवलं, मग पेपरात एवढा गाजावाजा झाला की सरकारला नियम बदलावा लागला. संध्याकाळी ६ ते रात्री २ मधलं बेबीसिटिंग पण यात येत नाही. आणि मुलाच्याच घरी जाऊन सांभाळलंत तर तुम्ही नॅनी, तो वेगळा विषय.

रजिस्टर दोन आहेत. अर्ली इयर्स रजिस्टर पाच वर्षांपर्यंतच्यांसाठी आणि चाइल्डकेअर रजिस्टर त्यापुढच्यांसाठी. तुम्ही दोन्हीवर जा, अर्ज एकच असतो आणि लहान मुलं घेणार असाल तर फी ३५ पौंड आहे. गंमत म्हणजे फक्त मोठ्या मुलांचं रजिस्ट्रेशन केलं तर १०३ पौंड. हे असं उलटं का ते मला विचारू नका. ऑफस्टेडऐवजी चाइल्डमाइंडर एजन्सीमार्फतही होता येतं, ते हात धरून सगळं करून घेतात पण त्यांची फी किंवा कमिशन चालूच राहतं, त्यामुळे मी त्या वाटेला गेले नाही. ज्यांना फॉर्म बघूनच धडकी भरते त्यांना बरं पडत असेल.

सगळ्यात वेळ खाणारी गोष्ट डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांची नोंद आहे का याची सरकारी तपासणी. एन्हान्स्ड डीबीएस लागतं, बार्ड लिस्टसकट (मुलांबरोबर काम करायला बंदी असलेल्यांची यादी), आणि ते ऑफस्टेडने सांगितलेल्या मार्गानेच काढायचं, आधीच्या नोकरीतलं दाखवून चालत नाही. शिवाय घरात राहणाऱ्या १६ वर्षांवरच्या प्रत्येकाचं, म्हणजे नवऱ्याचंही. प्रत्येकी पन्नास पौंडांच्या आसपास धरा, वर अ‍ॅडमिनचे थोडे. सर्टिफिकेट आलं की ३० दिवसांच्या आत डीबीएसच्या अपडेट सर्व्हिसला नाव घाला, वर्षाला १६ पौंड लागतात, ती मुदत चुकली तर परत पहिल्यापासून सगळं. आणि तुम्ही नुकत्याच भारतातून आलात, त्यामुळे मागच्या पाच वर्षांत परदेशात राहिल्याबद्दल तिकडचं पोलीस क्लिअरन्स लागेल, आपलं पीसीसी हो, जे आपण व्हीएफएसमार्फत हाय कमिशनकडून काढतो. ते आजच टाका, दोघांचं एकदम, बाकी काही करायच्या आधी. कारण बाकीची कागदपत्रं तुमच्या हातात असतात आणि हे नसतं. त्याशिवाय पाच वर्षांचे सगळे पत्ते, आधीच्या नोकऱ्या, नातेवाईक नसलेले दोन रेफरन्स आणि तब्येतीचं हेल्थ डिक्लरेशन. जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, सही लागली तर जीपी त्याचे पैसे घेतात आणि निवांत करतात.

मग ऑफस्टेडची बाई किंवा बुवा घरी येतात. लोक याला फार घाबरतात आणि मग घर नर्सरीसारखं रंगवून काढतात. खरं तर ते तुम्हाला बघायला येतात. घर सुरक्षित आहे का हे बघतातच, जिन्याला गेट, स्मोक अलार्म, औषधं-फिनेल वर ठेवलंय का, पण जास्त वेळ जातो प्रश्नांत. मुलाच्या अंगावर वळ दिसला तर काय कराल? तुमच्याविरुद्धच किंवा नवऱ्याविरुद्ध कुणी आरोप केला तर कुणाला सांगाल? हे दुसरं उत्तर पाठच करा: काउन्सिलच्या लाडोला (मुलांबरोबर काम करणाऱ्यांवरचे आरोप बघणारा अधिकारी) लगेच, आणि ऑफस्टेडला जास्तीत जास्त १४ दिवसांत. शिकण्याच्या सात एरिया कुठल्या, त्यातल्या तीन प्राइम कुठल्या, दोन वर्षांच्या मुलाबरोबर दिवसभर काय कराल, एखादं मूल बोलायला उशीर करतंय तर काय कराल. इथे तुमचा पुण्याचा अनुभव कामी येईल, उदाहरणं तिकडची द्या बिनधास्त. इंग्लिश झकपक नको, पण ९९९ या इमर्जन्सी नंबरला फोन करता येणं, औषधावरच्या सूचना वाचता येणं, पालकांशी बोलणं आणि नोंदी लिहिणं एवढं जमलं पाहिजे, तसा नियमच आहे.

आपल्याकडच्या पाळणाघराच्या सवयी मात्र दाराबाहेर ठेवा. लाडाने दिलेला धपाटा पण नाही आणि "थांब, देते एक" ही धमकी पण नाही, दोन्हींना सरळ मनाई आहे. झोळी नाही, बाळ पाठीवर, कॉटमध्ये, उशी-गोधडीशिवाय. खाताना मुलं कायम तुमच्या नजरेसमोर, भरवता भरवता फोडणीकडे वळायचं नाही. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे, आणि शेंगदाणे अख्खे द्यायचेच नाहीत, म्हणजे चिवड्याचा डबा वरच्या फळीवर. वरणभात-तूप मात्र सगळी मुलं आवडीने खातात, माझ्याकडची पोलिश मुलं "भात" म्हणूनच मागतात. फूड बिझनेसचं रजिस्ट्रेशन वेगळं करावं लागत नाही, ऑफस्टेडच्या अर्जातूनच माहिती काउन्सिलला जाते.

लेखी पॉलिसीज पण विकत घेऊ नका. चाइल्डमाइंडरला पॉलिसी लिहून ठेवायची सक्ती नाही, विचारल्यावर समजावून सांगता आलं पाहिजे. हजेरी, पालकांचे फोन, अ‍ॅलर्जी, अपघाताची नोंद, औषध दिल्याची नोंद, हे मात्र काटेकोर ठेवा. दोन वर्षांच्या मुलाची प्रोग्रेस चेक म्हणून एक छोटी लेखी नोंद पालकांना द्यावी लागते. मुलांची माहिती ठेवता म्हणून आयसीओची, म्हणजे डेटा प्रोटेक्शन बघणाऱ्या संस्थेची, वार्षिक फी भरा, पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स काढा, आणि एचएमआरसीकडे, म्हणजे टॅक्स खात्याकडे, सेल्फ एम्प्लॉइड म्हणून नाव नोंदवा. गाडीतून शाळेत नेणार असाल तर गाडीच्या इन्शुरन्सला बिझनेस यूज घालायचं.

पैशांचं म्हणाल तर सप्टेंबर २०२५ पासून नोकरी करणाऱ्या पालकांना मूल नऊ महिन्यांचं झाल्यापासून आठवड्याला ३० तास, वर्षातले ३८ आठवडे, सरकारी पैशाने मिळतात आणि ते चाइल्डमाइंडरकडेही वापरता येतात. त्यासाठी काउन्सिलकडे वेगळी नोंद करावी लागते आणि ते पैसे काउन्सिलच्या दराने, काउन्सिलच्या तारखेला येतात. तुमच्या भागातला दर आधी विचारा. स्वतःच्या मुलीसाठी स्वतःलाच ते तास लावता येत नाहीत, हे पण बऱ्याच जणींना उशिरा कळतं.

एक गोष्ट मला फार आवडते. ज्या मुलाची घरची भाषा वेगळी आहे त्याला ती खेळताना वापरायला वाव द्या असं त्या फ्रेमवर्कमध्येच म्हटलंय. म्हणजे मराठी मुलं तुमच्याकडे आली तर मराठीत बोलणं, गाणी म्हणणं हे नियमात बसतं, वर इंग्लिशची पण तयारी झाली पाहिजे एवढंच. इथल्या मराठी पालकांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. पण जाहिरात फक्त मराठी ग्रुपमध्ये करू नका, शाळेच्या गेटवर जे ओळखीचे होतात त्यांच्याकडूनच जास्त मुलं येतात असा माझा अनुभव.

वेल्स, स्कॉटलंडला शिफ्ट होणार असाल तर यातलं बरंचसं बदलतं, तिथे ऑफस्टेड नाही, वेल्सला केअर इन्स्पेक्टोरेट वेल्स आणि स्कॉटलंडला केअर इन्स्पेक्टोरेट बघतात आणि मुलांच्या संख्येचे नियमही वेगळे.

व्हिसाचं म्हणाल तर स्किल्ड वर्करच्या डिपेंडंटला सेल्फ एम्प्लॉइड काम चालतं, तरी ईव्हिसावर (ऑनलाइन व्हिसा) तुमच्या कंडिशन्स एकदा वाचा. नवऱ्याने मात्र यात पार्टनर वगैरे व्हायच्या भानगडीत पडू नये, त्याची अट त्याच्या स्पॉन्सरच्या कामाची आहे.

आणि सासूबाई. व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही, पैसे न घेता "मदत" म्हणूनसुद्धा तुमच्या धंद्यात नाही. त्या असिस्टंट होऊ शकत नाहीत. त्या यायच्या आधी ऑफस्टेडला कळवा की घरात एक व्यक्ती इतके महिने राहायला येतेय आणि त्यांच्या तपासणीचं काय करायचं ते त्यांनाच विचारा. तपासणी न झालेल्या माणसाजवळ मुलांना एकटं सोडायचं नाही, अगदी दार उघडायला गेलात तरी मुलं तुमच्याबरोबर. नातीला त्यांनी कितीही सांभाळावं, ती त्यांची नात आहे, पण दुसऱ्याचं पोर कडेवर देऊन तुम्ही आंघोळीला गेलात असं नको. सासूबाईंना हे यायच्या आधीच फोनवर सांगून ठेवा, आल्यावर सांगितलं तर राग येतो.