पन्नास हजारांचा प्रॉपर्टी कोर्स? आधी हे फुकटातलं करा

घाई नको. त्या कोर्समधलं सुरुवातीचं बरंचसं सरकारी संकेतस्थळांवर मिळतं.

- महारेराच्या (गृहप्रकल्पांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली, तक्रारी किती, हे पाहा.
- आयजीआरच्या (राज्याचा नोंदणी व मुद्रांक विभाग) ई-सर्चवर त्याच भागातले दस्त शोधा. सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) मध्ये नोंदलेली किंमत दिसते, जाहिरातीतली नाही. असे दहा-बारा दस्त वाचले की भावाचा अंदाज बसतो.
- जमीन असेल तर सातबारा, फेरफार (मालकी-हक्क बदलल्याच्या नोंदी) आणि सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचा. शेतकरी नसाल तर शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही; ‘गुंतवणुकीचा प्लॉट’ म्हणून हेच गळ्यात मारतात.

नवखे चुकतात ते बुकिंगला. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरने घ्यायचीच नसते.

तरी मार्गदर्शक हवाच असेल तर एकच विचारा: आमच्या खरेदीवर तुम्हाला कमिशन मिळतं का? मिळत असेल तर तो एजंट आहे, त्याचा महारेरा क्रमांक मागा. शिकवणीच्या फीपेक्षा वकिलाकडून तीस वर्षांचा टायटल सर्च, म्हणजे मालकी हक्काचा तपास, करून घ्या.