ओला कचरा आणि सोलापूरचं ऊन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जुळे सोलापुरात आमची चाळीस घरांची सोसायटी आहे. ओल्या कचऱ्याच्या खतासाठी विटांचा हौद बांधला. वरचा थर खडखडीत वाळलेला असतो, तरी वास येतो. पाणी मारलं की वास आणखी वाढतो. काय चुकतंय?

उत्तर : तुमच्या हौदाला एकाच वेळी दोन दुखणी आहेत. वरचा अर्धा फूट उन्हानं वाळतो आणि खाली भात, आमटी, भिजलेली भाकरी यांचा लगदा बसतो. हवेवाचून तो सडतो. वरून मारलेलं पाणी थेट त्या लगद्यातच उतरतं.

एकदा सगळा हौद उपसा. गोळे फावड्यानं फोडा आणि एका बादली ओल्याला दोन बादल्या पालापाचोळा या मापानं कालवा. नुसते थर देऊन भागत नाही. चाळीस घरांचा ओला कचरा रोज साधारण २० ते २५ किलो, म्हणजे मोठ्या दोन बादल्या निघतो. त्याला कोरडं चार बादल्या हवं. बहुतेक सोसायट्यांचं गाडं इथंच अडतं. कडुनिंबाची पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात, तेव्हाच पोती भरून ठेवा. शेंगांची टरफलं मिळाली तर फारच छान. ती सावकाश कुजतात, पण तोवर हवेला वाट ठेवतात. लाकडाचा भुसा दाबून बसतो, तो बेतानंच वापरा.

ओल तपासायला मूठभर माल घट्ट पिळा. बोटांतून एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर पाचोळा वाढवा, मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी द्या. पाणी द्यायचं ते आठवड्याला ढीग उलथताना, म्हणजे सगळीकडे सारखं मुरतं. वर ओलं गोणपाट आणि डोक्यावर सावली हवीच. इथल्या मे महिन्यात उघड्या हौदात खत होत नाही, कचऱ्याचं वाळवण होतं.

तीन फूट उंच ढीग नीट जमला की दोन-चार दिवसांत तापतो. मध्यभागी लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी काढा. चटका बसला तर काम सुरू आहे. आत ५५ अंशांवर उष्णता किमान तीन दिवस टिकली की बहुतेक रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. आणि एका हौदावर भागणार नाही. रोज ताजा कचरा पडत राहिला तर खत तयार व्हायचं कधी? ४ × ३ × ३ फुटांचे, विटांमध्ये फटी ठेवलेले चार हौद करा. एक भरला की तो बंद.

प्रश्न : नळाला चार दिवसांआड पाणी. खताला कुठून आणायचं?

उत्तर : भाज्या, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी पुरतं. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी घालू नका. त्यातले क्षार खतात साठतात आणि कुंडीतल्या झाडांना बाधतात. साबणाचंही नको.

प्रश्न : हौदात करड्या, जाड अळ्या झाल्यात. औषध मारू का?

उत्तर : मुळीच नको. बहुधा त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या आहेत. त्या चावत नाहीत, उलट कचरा झपाट्यानं खातात. फार झाल्या तर माल जास्त ओला आहे असं समजा आणि वर दोन इंच पाचोळा पसरा.

प्रश्न : खत तयार झालं हे कसं ओळखायचं?

उत्तर : ओलसर खताची एक मूठ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तीन दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर चाळून वापरा. आंबूस वास आला तर आणखी पंधरा दिवस मुरू द्या.