उष्ण कटिबंधातल्या उंच पर्वतांचं नकाशावर वर्गीकरण करताना 'निरुपयोगी' भाग वेगळा कसा काढायचा?

सुरुवात उंचीपासून करतात. विषुववृत्ताजवळच्या उंच डोंगरांवर उन्हाळा-हिवाळ्यापेक्षा दिवस-रात्रीच्या तापमानात जास्त फरक असतो. वर जावं तसं तापमान घटतं, त्यामुळे झाडोरा उंचीप्रमाणे पट्ट्यापट्ट्यांनी बदलतो. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हंबोल्ट १८०२ मध्ये इक्वेडोरमधल्या चिंबोराझो पर्वतावर, शिखराच्या बराच जवळ, चढला आणि १८०७ मध्ये असे पट्टे त्याने चित्रात मांडले. आता उंची, उतार आणि उपग्रहचित्रं एकत्र वापरतात. सततचे ढग असतील तिथे ढगांतून आरपार पाहणारं रडार.

पण 'निरुपयोगी' या शब्दावर मी अडलो.

माझं गाव राजापूर तालुक्यात. वाडीच्या डोक्यावर आमचा सामाईक सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. सातबाऱ्यावर त्याची नोंद पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन. काही वर्षांपूर्वी ऐन एप्रिलात दोन मुलं टॅब घेऊन जमीन-वापराचा नकाशा पडताळायला आली. कातळ तापलेला, गवत करपलेलं. त्यांनी 'ओसाड खडकाळ' अशी नोंद केली. मी म्हटलं, भाद्रपदात या. याच कातळावर गेंद आणि सीतेची आसवं फुललेली असतात, गुरं चरत असतात. जांभ्यात मुरलेलं पाणी खालच्या विहिरीत उतरतं, म्हणून तर आमची वाडी मे महिना काढते. त्यांना विहिरीवर नेलं, पाणी दिलं. गोड आहे म्हणाले. नोंद तीच राहिली. पावसाळ्यात ढगांमुळे चित्रं मिळत नाहीत, कोरड्या दिवसांतलीच वापरावी लागतात, असं त्यांचं म्हणणं.

तोच नकाशा काकांनी जांभ्याचे चिरे काढणाऱ्या खाणवाल्यापुढे ठेवला. "नकाशातही ओसाडच आहे, देऊन टाकू." त्या दिवशी आमचं कडाक्याचं भांडण झालं.

दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातला पारामो असाच. झाडं संपतात त्याच्या वरचं गवत नि झुडपं, लांबून उजाड माळ. पण तिथली काळी माती पाणी धरून ठेवते आणि कोलंबियाची राजधानी बोगोटा बरीचशी त्या पाण्यावर जगते. त्याला 'गवताळ' म्हणून एकच रंग दिलात, तर हे पाणी नकाशातून पुसलं जातं. म्हणून ओल्या आणि कोरड्या, दोन्ही दिवसांतली चित्रं घ्या. ढग असतील तर रडार घ्या, पण घ्याच. आणि डोंगराखाली राहणाऱ्यांना विचारल्याशिवाय वर्गाचं नाव ठरवू नका.

आमचा सडा काही उंच पर्वत नाही, जेमतेम शंभर-दीडशे मीटर. गोठवणारी रात्र इथे नसते, उंचीचे पट्टेही लागू नाहीत. चूक मात्र तीच होते.

काकांना मी तेव्हाच विचारलं होतं, जांभाच कापून नेला तर पाणी मुरणार कशात? उत्तर अजून आलेलं नाही. सातबाऱ्यावर माझं नाव आहे तोवर माझी सही मिळणार नाही.